एकट्या राहणाऱ्या आई-वडिलांचं घर: आधी काय विचारायचं, मग काय बदलायचं

जळगाव, धुळे, भुसावळ, नंदुरबार, अमळनेर. मुलगा पुण्याला, मुलगी सुरतेला आणि घरात एकटी आई किंवा एकटे वडील, अशी घरं आता प्रत्येक कॉलनीत आहेत. मुलं दिवाळीला येतात, चार दिवस राहतात, "घर बरं आहे ना, काही त्रास नाही ना?" असं विचारतात. उत्तर ठरलेलं असतं: "सम्दं बेस शे, तू कायजी नको करू." मग मुलं स्वतःच्या अंदाजाने खर्च करतात. चकचकीत फरशी बसते, कॅमेरे लागतात, एसी येतो. फरशीवर पाय सरकतो, म्हणून आई त्या खोलीत जाणं सोडते. बिलाच्या धास्तीने एसी बंदच राहतो.

पैसा जातो आणि राहणाऱ्याला घर आधीपेक्षा परकं वाटायला लागतं, कारण क्रम उलटा झालेला असतो. आधी खर्च, मग विचारपूस. पुढे योग्य क्रम दिला आहे. एखादा टप्पा तुमच्या घराला लागू नसेल तर सोडा, पण पुढचा आधी आणि मागचा नंतर असं करू नका.

## टप्पा १: कधी जायचं आणि सोबत काय न्यायचं

दिवाळीत घराची परीक्षा होत नाही. हवा गार, घर माणसांनी भरलेलं, पाणी भरायला चार हात, स्वयंपाकाला लेकी-सुना. एकटेपणी ते घर कसं चालतं यातलं काहीच दिसत नाही. खान्देशात घर पाहायचं तर आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, सुमारास पाहावं. तेव्हा जळगाव-भुसावळला पारा ४४-४५ अंशांपर्यंत गेलेला असतो आणि घर खरं कसं आहे ते कळतं. मात्र सणाच्या दिवशी नको. माहेरवाशिणी परत गेल्यावर मधल्या वारी जा आणि निदान दोन रात्री राहा. त्यातला एक दिवस नळाला पाणी येण्याचा असावा.

सोबत एक वही, मोजपट्टी, टॉर्च आणि वायरमनकडचा टेस्टर न्या. गवंडी, प्लंबर यांना पहिल्या दिवशी बोलावू नका. त्यांना पाहिलं की "पोरांनी सगळं ठरवूनच आणलंय" असं वाटतं आणि बोलणं तिथेच थांबतं.

तपासा: या भेटीत तुम्ही पाहुणे होऊ नका. तुमच्यासाठी शेवभाजी, भरीत-पुरीचा घाट घातला गेला, तर रोजचा दिवस कसा जातो ते कळणार नाही. "तू रोज जे खातेस तेच मला दे" असं आधीच सांगा.

## टप्पा २: घराबद्दल विचारू नका, दिवसाबद्दल विचारा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून हा टप्पा नीट वाचा.

"घरात समाधानी आहात का?" असं थेट विचारलं की घराची अवस्था वाईट असली तरी उतारवयातली माणसं बहुधा "हो" म्हणतात. वृद्धांच्या घरांवर काम करणाऱ्या अभ्यासकांना हे चांगलं ठाऊक आहे. वय होतं तसतशी माणसं अपेक्षा कमी करत जातात. वरचा मजला जमेना की तो सोडतात, मागचं अंगण जमेना की तेही सोडतात आणि उरलेल्या दीड खोलीला "पुरेसं आहे" म्हणतात. दुसरं कारण त्याहून मोठं आहे. तक्रार केली तर पोरं इथून उचलून नेतील, ही भीती. आईच्या "बरं आहे" चा अर्थ पुष्कळदा "मला हलवू नका" एवढाच असतो.

म्हणून संभाषणाची सुरुवात एका वाक्याने करा: "आई, तुला इथून न्यायला आलो नाही. इथेच सोपं कसं होईल ते बघायला आलोय." हे मनापासून म्हणता येत नसेल तर पुढचे प्रश्न विचारू नका, कारण खरी उत्तरं मिळणार नाहीत.

मग दिवस उजाडल्यापासून झोपेपर्यंत एकेक गोष्ट विचारा. सगळं एका बैठकीत नको. भाजी निवडताना, चहा घेताना, दारासमोरच्या ओट्यावर बसल्या बसल्या:

- रात्री उठलात की दिवा कुठून लावता? की लावतच नाही?
- आंघोळ किती वाजता करता? पूर्वी किती वाजता करायचात?
- गच्चीवर शेवटचं कधी गेलात? यंदा पापड-बिबड्या कुठे वाळत घातल्या?
- कोणत्या खोलीत आता जाणं होत नाही?
- घरातली कोणती वस्तू काढायची म्हटलं तर दुसऱ्या कोणाची वाट पाहावी लागते?
- दिवसातली सगळ्यात आवडती जागा कोणती? तिथे किती वेळ बसता?

आंघोळीच्या वेळेचा प्रश्न किरकोळ वाटेल, पण त्यातून बरंच कळतं. पहाटे पाचला आंघोळ करणारी बाई आता अकराला करते, कारण अकराला शेजारीण घरी असते आणि पडलो तर हाक ऐकू जाईल, हे उत्तर मी एकाहून जास्त घरांत ऐकलं आहे. कोणी दिवसाआड आंघोळ करायला लागलं असेल तर त्याला आळस समजू नका. मोरीची भीती वाटते आहे.

शेवटचा प्रश्नही वगळू नका. आपण त्रासांची यादी करतो, पण सुखाच्या जागेची नोंद करत नाही आणि दुरुस्तीच्या धांदलीत नेमकी तीच जागा मोडतो.

सावधान: उत्तर आलं की लगेच उपाय सांगू नका. "मग आपण हे करून टाकू" म्हटलंत की पुढची उत्तरं लपवली जातात. वहीत लिहा आणि पुढचं विचारा.

## टप्पा ३: भिंती आणि कोपरे वाचा

आता घर फिरून पाहा, पण तुमच्या डोळ्यांनी नको. त्यांच्या मागून चालत पाहा. ते पलंगावरून उठून संडासापर्यंत जातात तेव्हा हात कुठे कुठे टेकतात ते बघा.

भुसावळच्या एका जुन्या घरात न्हाणीच्या दाराशेजारी, जमिनीपासून साधारण तीन फुटांवर, चुन्याच्या भिंतीवर तळहाताएवढा काळपट तेलकट डाग होता. त्याच्यापुढे दीड हातावर दुसरा आणि तिसरा चौकटीवर. रोज त्याच तीन जागी आधार घेऊन आजी आत जात होत्या. मुलाने "भिंत खराब झाली" म्हणून रंगकाम काढलं होतं. खरं तर आधाराचे दांडे कुठे बसवायचे याचा नकाशाच त्या भिंतीवर होता. असे डाग शोधा, पेन्सिलीने खूण करा, जमिनीपासूनची उंची वहीत लिहा आणि मगच रंगाचं बोला.

याच फेरीत राहणाऱ्याने स्वतः केलेल्या सोयी पाहा. कडीला बांधलेली दोरी, मोरीजवळ उलटी ठेवलेली बादली, पलंगाजवळ ओढून आणलेली खुर्ची, जमिनीवरून स्वयंपाकाच्या ओट्यावर आलेला तांदळाचा डबा. आपल्याला तो पसारा दिसतो, पण प्रत्येक वस्तू कुठल्या तरी अडचणीवरचं उत्तर आहे. चांगला पर्याय जागेवर बसेपर्यंत त्यातलं काहीही हलवू नका.

## टप्पा ४: दोन याद्या करा आणि त्यांच्या यादीपासून सुरू करा

वहीच्या डाव्या पानावर त्यांनी सांगितलेले त्रास लिहा, उजव्या पानावर तुम्हाला दिसलेले धोके. दोन्ही याद्या क्वचितच जुळतात. तुम्हाला उघडी वायर दिसते. त्यांना सगळ्यात जास्त त्रास समोरच्या खांबावरचा दिवा बंद असल्यामुळे संध्याकाळी ओट्यावर बसता येत नाही याचा असतो.

पहिलं काम त्यांच्या यादीतलं करा, मग ते कितीही लहान असो. दिवा लागला की वायरमन घरात येण्याला हरकत उरत नाही. जीव जाण्याचा धोका असेल, म्हणजे उघडी वायर, गळका गॅस, तर मात्र थांबू नका. ते त्याच दिवशी.

दुसरी गोष्ट, सगळी कामं काढून घेऊ नका. एम. पॉवेल लॉटन आणि ल्युसिल नाहेमो या अमेरिकी अभ्यासकांनी १९७३ साली मांडलेला विचार इथे फार उपयोगी आहे. माणसाची ताकद आणि घराची मागणी यांचा मेळ बसायला हवा. मागणी जास्त झाली की माणूस थकतो, फारच कमी झाली तरी खचतो. झाडांना पाणी घालणं, कळण्याची भाकरी थापणं, देवाची पूजा हे त्यांचंच राहू द्या. फक्त बादली लहान करा, पीठ हाताशी ठेवा, देव कमरेच्या उंचीवर आणा.

## टप्पा ५: मोरी आणि संडास

पैसा कमी असेल तर सगळा इथेच लावा. जुन्या घरांत संडास मागच्या अंगणात किंवा जिन्याखाली असतो आणि रात्री तिथवर जायला उंबरठा, पायरी, ओली फरशी असं सगळं ओलांडावं लागतं. कामाचा क्रम असा:

१. आधी फरशी. पॉलिश केलेली टाइल काढता येत नसेल तर तिच्यावर खरखरीत अँटी-स्किड टाइल बसवून घ्या. नुसतं रबरी मॅट टाकलं तर त्याखाली शेवाळ धरतं आणि मॅटच सरकतं. पाण्याचा उतार जाळीकडे आहे ना, हे बादलीभर पाणी ओतून पाहा.

२. मग दांडे. टप्पा ३ मध्ये खुणा केल्यात तिथेच. कमोडच्या बाजूला, आंघोळीच्या जागेजवळ आणि दारात, असे बहुतेक घरांत तीन लागतात. उंची साधारण ८० ते ९० सेंटिमीटर, पण हाताचा डाग वेगळं सांगत असेल तर डागाचं ऐका. दांडा स्टीलचा, मुठीत नीट मावेल इतका जाड घ्या.

३. मग कमोड. बैठकीची उंची ४५ ते ४८ सेंटिमीटर असली की उठणं सोपं जातं. भारतीय पद्धतीचाच हवा असा आग्रह असेल तर तो मोडू नका. त्यावर ठेवायची कमोड खुर्ची आणून आठवडाभर वापरून पाहू द्या आणि मग ठरवा.

४. शेवटी दार. दार आत उघडत असेल आणि माणूस आत पडला तर त्याच्याच अंगाने ते अडतं. दार बाहेर उघडेल असं फिरवून घ्या, नाहीतर सरकतं लावा. खालची कडी काढून टाका आणि बाहेरून उघडता येईल असं लॅच बसवा.

सावधान: मातीच्या विटांची किंवा पोकळ भिंत असेल तर साध्या स्क्रूवर दांडा टिकत नाही. भरवशाने धरला आणि उपटून हातात आला, तर दांडा नसता तेच बरं होतं. अशा भिंतीत आरपार बोल्ट घालून मागून लोखंडी पट्टी लावायला सांगा, किंवा जमिनीत रोवलेला खांब घ्या. बसवल्यावर तुम्ही स्वतः पूर्ण वजन टाकून लटकून पाहा.

सावधान: आंघोळीला साधी प्लास्टिकची खुर्ची देऊ नका. ओल्या फरशीवर तिचे पाय फाकतात. रुंद पायांचं, रबरी बुचांचं स्टूल घ्या.

सावधान: बंद न्हाणीघरात गॅस गिझर नको. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस बेशुद्ध होतो आणि एकट्या राहणाऱ्याला बाहेर काढायला कोणी नसतं. बादलीत टाकायची रॉडही घरातून घालवा. साठवणीचा इलेक्ट्रिक गिझर लावा आणि त्याचं तापमान ५० अंशांच्या आसपास ठेवा.

## टप्पा ६: ओटा, जिना आणि रात्रीची वाट

ओट्याला उतार करायचा विचार सगळ्यांना सुचतो. आधी मोजा. व्हीलचेअरचा उतार १ ला १२ या प्रमाणात लागतो. ओटा ४५ सेंटिमीटर उंच असेल तर उताराची लांबी ५.४ मीटर व्हायला हवी आणि ती गल्लीत जाते. जागेत बसवायला केलेला चढणीचा छोटा उतार पायरीपेक्षा घातक. त्यापेक्षा उंच पायऱ्यांच्या मध्ये अर्धी पायरी घालून प्रत्येक पायरी १५ सेंटिमीटरच्या आत आणा आणि दोन्ही बाजूंना कठडा लावा. पायऱ्यांच्या कडेला पिवळा किंवा पांढरा पट्टा ओढा. मोतीबिंदू असलेल्याला राखाडी पायऱ्या एकसारख्या दिसतात.

पलंगापासून संडासापर्यंत रात्रभर जळणारे छोटे एलईडी दिवे लावा. पलंगाजवळ एक आणि वाटेच्या टोकाला एक असा दुहेरी स्विच घ्या. वीज गेली तर? चार्जिंगचा आपोआप लागणारा बल्ब त्याच वाटेवर एक तरी हवा.

सावधान: सुरक्षेच्या नावाखाली ओटा पूर्ण जाळीने बंद करू नका. ही चूक मी इतक्या ठिकाणी पाहिली आहे की वेगळी लिहावीशी वाटली. संध्याकाळी तिथे बसलं की येणारा-जाणारा विचारतो, "काय नाना, जेवण झालं का?" जाळी लागली, वर ताडपत्री आली की ते विचारणं बंद होतं. जाळी दाराला लावा, ओटा उघडा ठेवा. दोन हातांची पक्की खुर्ची तिथे कायमची ठेवा.

## टप्पा ७: पाणी

आपल्याकडच्या बहुतेक शहरांत नळाला रोज पाणी येत नाही. दिवसाआड येतं, काही भागांत त्याहूनही उशिरा, आणि वेळ ठरलेली नसते. एकट्या माणसाचा अख्खा दिवस त्या नळाभोवती बांधला जातो. दवाखाना, भजन, बाजार, सगळं "आज पाणी आहे" म्हणून राहतं. घराच्या समाधानावर याचा केवढा परिणाम होतो हे पुण्यात राहणाऱ्या मुलांच्या ध्यानात येत नाही, कारण सांगण्यासारखा त्रास म्हणून कोणी तो सांगतच नाही.

पाणी आपोआप भरलं गेलं पाहिजे. क्रम: नळ थेट जमिनीतल्या किंवा जमिनीवरच्या टाकीला जोडा आणि त्याला फ्लोट व्हॉल्व्ह (बॉल कॉक) लावा, म्हणजे भरली की पाणी थांबेल. तिथून वरच्या टाकीसाठी मोटर आणि तिला आपोआप चालू-बंद होणारं कंट्रोलर. पिण्याचं पाणी साठवायला तोटीचं पिंप कमरेच्या उंचीवर ठेवा, वाकून तांब्या बुडवावा लागता कामा नये. भरलेली मोठी बादली १५-२० किलोची होते. घरातल्या सगळ्या मोठ्या बादल्या काढून ८-१० लिटरच्या आणा.

तपासा: पाण्याच्या दिवशी तुम्ही हात बांधून बसा आणि पाहा. त्यांना नळ आल्यापासून जाईपर्यंत एकदाही उठावं लागलं नाही, तर काम नीट झालं.

जाता जाता गॅसचंही बघा. घरगुती भरलेलं सिलिंडर टाकीसकट सुमारे ३० किलोचं असतं. डिलिव्हरी देणाऱ्याने आत आणून जोडूनच द्यायचं, हे ठरवून घ्या, किंवा ५ किलोचं छोटं सिलिंडर घ्या. नळीवरची तारीख वाचा, पाच वर्षं झाली असतील तर बदला.

## टप्पा ८: उन्हाळा, फेब्रुवारीतच

मार्च उजाडला की वायरमन आणि कूलरवाले सापडत नाहीत. म्हणून हे काम शिवरात्रीच्या आसपास उरका.

वरून खाली या. आधी गच्ची. काँक्रीटचा स्लॅब दिवसभर तापतो आणि मध्यरात्रीपर्यंत आत उष्णता सोडतो. गच्ची झाडून चुन्याचे दोन हात द्या, खर्च थोडा आणि फरक पहिल्याच रात्री जाणवतो. वरची काळी टाकी पांढऱ्या कापडाने किंवा शेडनेटने झाका, नाहीतर दुपारी नळाला हात भाजणारं पाणी येतं.

मग खिडक्या. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून सावली हवी. आतला पडदा ऊन आत आल्यावर अडवतो, त्याचा फायदा कमी. सकाळी नऊला बंद आणि रात्री आठनंतर उघड, हा जुना शिरस्ता बरोबरच आहे.

मग कूलर. आपली हवा कोरडी असल्यामुळे इथे कूलर चांगलं काम करतो, पण समोरची खिडकी थोडी उघडी असेल तरच. सगळं बंद केलं की खोली दमट होते आणि उकडतं. पारा ४० च्या वर गेला की नुसता पंखा गरम हवाच अंगावर मारतो. पंखा आहे म्हणजे झालं, असं धरू नका.

कूलरमध्ये दिवसाला कित्येक बादल्या पाणी जातं. ते उचलून भरावं लागत असेल तर दुसऱ्या आठवड्यात कूलर बंद पडलेला दिसेल, म्हणून टाकीतून पाइप आणि फ्लोट व्हॉल्व्ह जोडून द्या.

सावधान: कूलरच्या शॉकने दर उन्हाळ्यात माणसं दगावतात. लोखंडी कूलर, ओली फरशी, अनवाणी पाय. अर्थिंग तपासून घ्या, घराच्या मेन बोर्डावर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) बसवा, कूलर लाकडी स्टँडवर ठेवा आणि स्विच कूलरपासून हातभर दूर घ्या. आरसीसीबीवरचं टेस्ट बटण दाबून वीज जाते का ते स्वतः पाहा. हे झाल्याशिवाय कूलर सुरू करू देऊ नका.

शेवटी माणूस. वयानुसार तहान लागण्याची जाणीव कमी होते. "तहान लागली की पितो" हा हिशेब साठीनंतर चालत नाही. सकाळी दोन लिटरचा तांब्या किंवा बाटली भरून ठेवायची आणि संध्याकाळपर्यंत संपवायची. हृदय किंवा किडनीचा त्रास असेल, बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर उन्हाळ्यात पाणी किती आणि गोळी किती हे डॉक्टरांना विचारून वहीत लिहा. रात्री गच्चीवर झोपण्याची सवय असेल तर जिन्याला कठडा आणि दिवा आधी, नाहीतर अंथरूण अंगणात.

## टप्पा ९: माणसं

घर दुरुस्त झालं तरी दिवसभर कोणी हाक मारत नसेल तर ते खायला उठतं. ही बाजू गवंड्याकडून होणार नाही, ती तुम्ही स्वतः करायची.

शेजारच्या दोन घरांत जाऊन भेटा. फोनवरून नको. एक किल्ली एका घरी, दुसरी थोड्या लांबच्या घरी ठेवा. रोजची एक खूण ठरवा: सकाळी आठपर्यंत ओट्याचं दार उघडलं नाही तर शेजारच्या काकूंनी हाक मारायची आणि उत्तर नाही आलं तर तुम्हाला फोन. दूधवाल्यालाही हे सांगून ठेवा, त्याची नजर रोज जाते.

फोनमध्ये चार नंबर फोटोसकट लावा. ११२ हा आपत्कालीन, १०८ रुग्णवाहिकेचा आणि १४५६७ ही ज्येष्ठ नागरिकांची राष्ट्रीय हेल्पलाइन, हे मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून फोनजवळ आणि न्हाणीच्या दाराशी चिकटवा. चार्जर उशाशी.

तुमचा फोन रोज ठरलेल्या वेळी जाऊ द्या. कॅमेरा लावायचाच असेल तर त्यांना विचारून, फक्त बाहेरच्या दाराला. घरात लावलेल्या कॅमेऱ्यामुळे आई स्वतःच्या घरात पदर सावरून बसते.

त्यांच्याकडून इतरांना काय मिळतं तेही टिकवा. श्रावणात कानबाई, ही खान्देशातली देवी, ज्या घरी बसते तिथे सगळी भाऊबंदकी येते, रोट होतात, रात्र जागते. ते घर आईचं असेल तर ते हलवणं म्हणजे तिचं स्थान हलवणं. तुमच्या सोयीसाठी कानबाई पुण्याला नेण्याआधी तिला विचारा.

## टप्पा १०: कागद

थोडक्यात पण नक्की. जोडीदार गेल्यावर घर, वीजमीटर, घरपट्टी, नळपट्टी वर्षानुवर्षं गेलेल्याच्या नावावर राहते आणि "उद्या कोणी काढलं तर?" ही धास्ती मनात राहते. प्रॉपर्टी कार्डावर वारस नोंद करून घ्या, मग बाकीची नावं बदला.

मुलांच्या नावे बक्षीसपत्र करायची घाई करू नका. करायचंच असेल तर "हयातीपर्यंत सांभाळ करायचा आणि या घरात राहू द्यायचं" ही अट दस्तातच लिहा. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण अधिनियम, २००७ च्या कलम २३ नुसार अशी अट मोडली तर हस्तांतरण रद्द करून मागता येतं. अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे करायचा. त्यापेक्षा साधा मार्ग मृत्युपत्राचा आहे. दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही आणि हयात असेपर्यंत घर त्यांचंच राहतं.

सोबतीसाठी एखादी खोली विद्यार्थ्याला किंवा नोकरदाराला द्यायची असेल तर लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवूनच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ नुसार ती जबाबदारी घरमालकाची आहे.

## टप्पा ११: घर सोडायचंच असेल तर

काही महिन्यांत दोनदा पडणं आणि स्वतः उठता न येणं, गॅस वारंवार चालू राहणं, ओळखीच्या गल्लीत वाट चुकणं. यातलं काही असेल तर आधी डॉक्टर, मग निर्णय. यातलं काही नसेल तर नुसतं "आम्हाला काळजी वाटते" हे कारण पुरेसं नाही.

पर्याय जवळून लांब असे तपासा. आधी त्याच घरात दिवसा किंवा रात्री मदतीला माणूस. मग त्याच कॉलनीत तळमजल्याचं घर. मग त्याच शहरात. मुलाचं शहर शेवटी. फ्लॅट घेताना लिफ्टला जनरेटर आहे का आणि वीज गेल्यावर तो खरंच चालू होतो का, हे वॉचमनला विचारून नव्हे, पाहून ठरवा. तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट बंद पडली की ज्येष्ठ माणूस घरातच कैद होतो.

मुलाकडे जायचं असेल तर आधी एक महिना राहून पाहू द्या, तेही सणासुदीचा नको. त्या काळात जळगावचं घर जसंच्या तसं कुलूपबंद ठेवा. विकू नका, भाड्याने देऊ नका. जोडीदार गेल्यानंतरच्या पहिल्या वर्षात तर घराचा कोणताच कायमचा निर्णय नको. न्यायचं ठरलंच, तर त्यांचा पलंग, गोधडी, देव आणि स्वयंपाकाचा तवा सोबत जाऊ द्या.

## टप्पा १२: महिन्याभराने परत जा

एका भेटीत दोन-तीनच बदल करा आणि साधारण महिन्याने टप्पा २ मधलेच प्रश्न पुन्हा विचारा. नवी उत्तरं जुन्यांशेजारी लिहा. आंघोळीची वेळ पूर्वीच्या वेळेकडे सरकली का? बंद झालेली खोली उघडली का? ओट्यावर बसणं वाढलं की कमी झालं? "छान केलंस रे" हे ऐकून वही मिटू नका, ते प्रेमाने म्हटलेलं असतं.

नव्या दांड्यावर टॉवेल वाळत असेल तर तो चुकीच्या जागी बसला आहे. नवी खुर्ची कोपऱ्यात आणि जुनी बादली परत मोरीत आली असेल तर खुर्चीची उंची चुकली आहे. पुन्हा त्यांच्या मागून चालत जा, हात कुठे टेकतोय ते बघा, नवी खूण करा आणि गवंड्याला तीच दाखवा.